पाकिटाची मागची बाजू

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: या पदार्थात मांस, मासे, अंडी किंवा प्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग आहे का? नसेल तर ठिपका हिरवा. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध या व्याख्येत बसतात. गहू, सोयाबीन, शेंगदाणा, काजू, तीळ तर वनस्पतीच. ज्याचा घसा शेंगदाण्याने सुजतो, ज्याच्या आतड्याला गव्हाने इजा होते, ज्याचे पोट दुधाने बिघडते, त्याच्या प्रश्नाचे उत्तर हा ठिपका देत नाही. तो त्यासाठी केलेलाच नाही.

'व्हीगन' या शिक्क्याबद्दलही हेच म्हणावे लागेल. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, व्हीगन पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम केले. असा पदार्थ प्राणिजन्य घटकांशिवाय बनवायचा असतो आणि त्यावर ठरलेले चिन्ह लावायचे असते. दूध टाळणाऱ्याला या चिन्हाचा आधार वाटतो आणि बऱ्याच अंशी तो मिळतोही. पण दुधाची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने केवळ या चिन्हावर विसंबून राहू नये. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये दुधाची ॲलर्जी असलेल्या एका महिलेचा भाज्यांचा रॅप खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. रॅपमधले दही नारळाचे होते आणि दुग्धविरहित म्हणून विकले जात होते. २०२२ मध्ये न्यायिक चौकशीत निष्पन्न झाले, की दह्याला दाटपणा यावा म्हणून घातलेल्या स्टार्चमध्ये दुधाचे प्रथिन मिसळले गेले होते. खाणाऱ्या व्यक्तीपासून दोन-तीन कारखाने दूर झालेली ती चूक होती.

म्हणून पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचे 'शुद्ध शाकाहारी', 'व्हीगन', 'नैसर्गिक', 'मल्टिग्रेन' हे शब्द बाजूला ठेवून मागची बाजू वाचायची सवय लावून घ्यायला हवी. ते वाचन कसे करायचे, हे या लेखात पाहू.

आधी आपला त्रास ओळखा

एखादा पदार्थ सोसत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्रास कोणता, यावर पाकीट किती बारकाईने वाचायचे ते ठरते.

पहिली गोष्ट ॲलर्जी. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते आणि खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत प्रतिक्रिया उमटते. अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, उलट्या होतात, घसा आवळतो, धाप लागते. प्रतिक्रिया तीव्र असेल तर रक्तदाब घसरून जीव धोक्यात येतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. ॲलर्जीत काही जणांना कणभर पदार्थही पुरतो, म्हणून अशा माणसाला 'अंश असू शकतो' ही ओळदेखील महत्त्वाची असते.

दुसरी गोष्ट सीलिॲक आजार. गहू, बार्ली आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचे पाहणीत आढळले आहे. दक्षिणेकडे प्रमाण बरेच कमी आहे. येथे त्रास लगेच दिसेलच असे नाही. रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ, सतत बिघडणारे पोट अशा वाटांनी तो उशिरा कळतो. पथ्य जन्मभराचे असते. तपासणीपूर्वी मात्र गहू बंद करू नये, कारण गहू सोडल्यावर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकते.

तिसरी गोष्ट असह्यता. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर अनेकांच्या शरीरात कमी होते. मग दूध प्यायले की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. कांदा, लसूण, राजमा, हरभरा यांतल्या काही शर्करांमुळेही आतड्यात वायू धरतो. हा त्रास खरा असतो, पण तो जिवावर बेतत नाही आणि प्रमाणावर अवलंबून असतो. लॅक्टोज न सोसणाऱ्याला बिस्किटातल्या चिमूटभर दूध पावडरीने सहसा काही होत नाही. दुधाची ॲलर्जी असणाऱ्या मुलाला मात्र तेच बिस्किट रुग्णालयात नेऊ शकते.

हा फरक घरबसल्या अंदाजाने ठरवू नये. रक्ताच्या एका नमुन्यातून शेकडो पदार्थांची 'सेन्सिटिव्हिटी' सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या आज बऱ्याच विकल्या जातात. ॲलर्जीतज्ज्ञांच्या अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी अन्नविषयक निदानासाठी त्या वापरू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. आयजीजी प्रतिपिंडे बहुधा आपण तो पदार्थ खातो एवढेच दाखवतात. अशा अहवालावर विसंबून डाळी, दूध, गहू सगळेच सोडणारी माणसे विनाकारण कुपोषणाकडे जातात.

यादी आणि तिच्याखालची ओळ

आता पाकीट उलटे करू. मागे दोन गोष्टी शोधायच्या: घटकांची यादी आणि ॲलर्जीची घोषणा.

यादीतले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो पहिला. 'नाचणी बिस्किटे' असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पाकिटावर यादीची सुरुवात मैद्याने होत असेल, तर ती नाचणी मिसळलेली मैद्याची बिस्किटे आहेत.

यादीखाली बहुधा ठळक अक्षरांत 'कंटेन्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ असते. २०२० च्या भारतीय लेबलिंग नियमांप्रमाणे आठ गट येथे जाहीर करावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. त्यांपैकी गहू, दूध, शेंगदाणा-सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट हे पाच गट शाकाहारी पदार्थांत सर्रास आढळतात.

या यादीत काय नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. तीळ नाही, मोहरी नाही, हरभरा आणि इतर डाळी नाहीत. युरोपीय संघात चौदा गट जाहीर करावे लागतात आणि त्यांत तीळ व मोहरी दोन्ही आहेत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा मुख्य ॲलर्जीकारक पदार्थ ठरला. म्हणून परदेशात वाढलेले तिळाची ॲलर्जी असलेले नातवंड सुटीत पुण्याला किंवा कोल्हापूरला आले, की आजी-आजोबांनी 'कंटेन्स'च्या ओळीवर थांबू नये. गोड्या मसाल्यात तीळ असतो, चटण्यांत असतो, बेकरीच्या टोस्टवर असतो. येथे यादीचा शब्दन् शब्द वाचायला लागतो. त्यात आणखी एक अडचण आहे. मसाल्यांचे मिश्रण 'मसाले' अशा एकाच शब्दात लिहिण्याची मुभा नियमात आहे. त्या शब्दामागे मोहरी आहे की नाही, हे कंपनीला विचारल्याशिवाय कळत नाही.

गहू कुठे कुठे असतो

पोळी, ब्रेड, शेवया यांत गहू आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असते. सीलिॲकच्या रुग्णाची खरी कसोटी डब्यातल्या हिंगापासून सुरू होते. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी हिंग असतो. मूळ हिंगाचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि स्टार्च किंवा पीठ मिसळतात, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. तोच हिंग पापडात, लोणच्यात, फरसाणात आणि तयार मसाल्यांत जातो. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंगही मिळतो. सीलिॲक असलेल्या घरात तोच आणावा.

दुसरी जागा माल्टची. नुसते 'माल्ट' किंवा 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट' लिहिले असेल तर ते बहुधा बार्लीचे असते आणि बार्लीत ग्लुटेन असते. मका ग्लुटेनमुक्त असूनही अनेक कॉर्नफ्लेक्स सीलिॲकच्या रुग्णाला चालत नाहीत, ते चवीसाठी घातलेल्या माल्टमुळे. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व निराळे, त्याच्या मूळ धान्यात ग्लुटेन नसते. तिसरी जागा सोया सॉसची. नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही आंबवलेला असतो. चौथी जागा मांसाच्या चवीचे व्हीगन पदार्थ. सैतान नावाचा पदार्थ म्हणजे निव्वळ गव्हाचे ग्लुटेन. व्हीगन कबाब, सॉसेज, नगेट यांना चावण्याजोगा चिवटपणा यावा म्हणून सोया आणि मटाराच्या प्रथिनाबरोबर हेच ग्लुटेन घालतात.

ओट्सबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. शुद्ध ओट्स बहुतेक सीलिॲक रुग्णांना चालतात, पण शेतात, गोदामात आणि गिरणीत त्यांत गहू आणि बार्ली मिसळतात. म्हणून ओट ड्रिंक असो की ओट्सची बिस्किटे, 'ग्लुटेनमुक्त' असे लिहिलेले नसेल तर घेऊ नयेत. भारतात हा शब्द वापरायचा तर पदार्थातले ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लुटेन नसते, त्यामुळे उपवासाचे पदार्थ सुरक्षित वाटतात. परंतु सुट्या पिठाला कोणतेच लेबल नसते आणि ज्या चक्कीवर ते दळले जाते तिच्यावर त्याआधी गहू दळलेला असतो. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांत तर अनेक घरांत गहू घालतातच. सीलिॲकच्या रुग्णाने पीठ घरच्या छोट्या चक्कीवर दळावे किंवा तपासून प्रमाणित केलेले पाकीट घ्यावे.

दूध, सोया आणि डाळी

हिरवा ठिपका असलेल्या पाकिटांत दूध अनपेक्षित ठिकाणी सापडते. मसाला चिप्सवरच्या भुकटीत, ब्रेडमध्ये, डार्क चॉकलेटमध्ये, झटपट सुपात. यादीत ते 'दूध' या नावाने येईलच असे नाही. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसिनेट, लॅक्टोज ही सगळी दुधाची रूपे. 'नॉन-डेअरी' म्हणवणाऱ्या कॉफी क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचेच प्रथिन, असू शकते.

सोयाबीन आज सोया चंक्सपुरते राहिलेले नाही. मल्टिग्रेन आट्यात सोयाचे पीठ असते, चॉकलेट आणि बिस्किटांत लेसिथिन असते. लेसिथिन यादीत बऱ्याचदा फक्त क्रमांकाने येते: आयएनएस ३२२. ते बहुधा सोयाचे असते, क्वचित सूर्यफुलाचे. सोयाची ॲलर्जी असणाऱ्याने हा क्रमांक पाठच करावा आणि मग 'कंटेन्स'च्या ओळीत सोया आहे का ते पाहावे.

डाळीची ॲलर्जी होत नाही, असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. हरभऱ्याच्या ॲलर्जीवर मुंबईतल्या डॉक्टरांनी २००१ मध्येच अभ्यास प्रसिद्ध केला होता. बेसन तर फरसाणाचा पाया, शिवाय सूप आणि ग्रेव्ही दाट करायलाही ते वापरतात. नव्या व्हीगन पदार्थांत मटार आणि मूग यांची प्रथिने काढून घट्ट स्वरूपात घालतात, तेव्हा एका वेळी पोटात जाणारे त्या डाळीचे प्रथिन आमटीच्या वाटीपेक्षा बरेच जास्त असू शकते. शेंगदाणाही शेंगवर्गीयच. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे बहुतेक लोक इतर डाळी विनासायास खातात, पण प्रत्येकजण नाही. प्रोटीन पावडर सुरू करण्यापूर्वी अशा माणसाने आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुधाला पर्याय म्हणून आलेली पेये आणि चीज यांतून सुकामेवा घरात येतो. बदामाचे पेय नावातच ओळखू येते. व्हीगन चीज आणि क्रीम मात्र अनेकदा काजूवर उभे असते. ज्याला काजू सोसत नाही त्याला पिस्तेही सोसत नाहीत असे बऱ्याचदा दिसते, कारण दोन्हींची प्रथिने एकमेकांसारखी आहेत.

कांदा, तंतू आणि गंधक

ज्यांचे आतडे हळवे आहे, त्यांच्यासाठी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी 'फॉडमॅप' ही संकल्पना मांडली. नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि आतड्यात आंबणाऱ्या शर्करांचा हा गट. पाकिटावर त्यासाठी काही नावे हेरावी लागतात. कांदा पावडर आणि लसूण पावडर ही पहिली. मग इन्युलिन किंवा चिकोरी रूट फायबर, जे 'भरपूर तंतुमय' म्हणवणाऱ्या बार, बिस्किटे आणि वनस्पतिजन्य दह्यांत घालतात. साखरविरहित मिठाईतले सॉर्बिटॉल म्हणजे आयएनएस ४२० आणि माल्टिटॉल म्हणजे आयएनएस ९६५, हेही याच गटातले. हे घटक ॲलर्जीकारक नाहीत, त्यामुळे 'कंटेन्स'च्या ओळीत ते कधीच दिसणार नाहीत.

आपल्याकडे या लोकांना एक सोय आयती मिळते. 'जैन' असे लिहिलेल्या फरसाणात किंवा ग्रेव्हीत कांदा-लसूण नसतो. गहू, दूध, काजू तपासायचे काम मात्र उरतेच. घरी कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले, की या शर्करांचा काही भाग निघून जातो. डबाबंद छोले चाळणीत धुऊन घेतले तरी फायदा होतो. घट्ट टोफू बऱ्याच जणांना सोसतो, कारण तो करताना विरघळलेल्या शर्करा पाण्याबरोबर निघून जातात. अख्ख्या सोयाबीनपासून केलेल्या दुधात त्या राहतात.

सल्फाइटची गोष्ट आणखी वेगळी. सांगली-तासगावच्या पट्ट्यात बेदाण्याला पिवळा, झळाळता रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. नारिंगी जर्दाळूचा रंगही त्याच उपायाने टिकतो. बहुसंख्य लोकांना याने काही होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने श्वास कोंडतो. यादीत आयएनएस २२० ते २२८ यांपैकी एखादा क्रमांक दिसला तर अशा रुग्णाने ते पाकीट बाजूला ठेवावे. धुरी न दिलेले बेदाणे आणि जर्दाळू तपकिरी, काळपट दिसतात. तरी रंगावर न जाता लेबल वाचावे.

लेबल जिथे अपुरे पडते

एकाच यंत्रावर शेंगदाणा चिक्कीनंतर राजगिरा चिक्की बनत असेल, तर दुसरीत शेंगदाण्याचे कण जाऊ शकतात. अशा वेळी उत्पादक 'मे कंटेन' अशी ओळ छापतात. ही ओळ नाही म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. कच्च्या मालातूनही भेसळ शिरते. २०१४ च्या अखेरीपासून २०१५ पर्यंत अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत शेंगदाण्याचे प्रथिन सापडले आणि ते जिरे वापरलेली शेकडो उत्पादने परत बोलवावी लागली. तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने कंपनीला थेट विचारावे: याच यंत्रावर आणखी काय बनते, आणि मधे यंत्र कसे धुता? समाधानकारक उत्तर देणारी कंपनीच निवडावी.

अगदी लहान पाकिटांना घटकांची यादी छापण्यातून सूट मिळू शकते. ती माहिती मोठ्या खोक्यावर असते आणि खोके दुकानदाराकडे राहते. ॲलर्जी असलेल्या मुलाला पाच रुपयांचे असे पाकीट सुटे घेऊन देऊ नये. आयात मालावर चिकटवलेल्या पट्टीखाली मूळ छपाईतला इशारा झाकला गेला आहे का, तेही पाहावे. ओळखीचे पाकीटही दर वेळी वाचावे, कारण कृती बदलली तरी वेष्टनाचा रंग तोच राहतो.

घरातही एक पथ्य पाळता येईल. आपण मसाला, पीठ, फरसाण डब्यात ओततो आणि पाकीट फेकून देतो. त्याऐवजी यादीचा भाग कापून डब्यात ठेवावा, म्हणजे पाहुणा विचारील तेव्हा अंदाजाने उत्तर द्यावे लागणार नाही. लेबल चुकीचे आढळले, तर पाकीट आणि बिल जपून ठेवून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार करावी. आपल्या एका तक्रारीमुळे दुसऱ्या कुणाच्या मुलाचा जीव वाचू शकतो.

शेवटी एक विनंती भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, चटण्या बनवून विकणाऱ्या बचत गटांना आणि घरगुती उद्योजकांना. आपल्या पाकिटावर 'मसाले' एवढेच लिहून थांबू नका. तीळ, मोहरी, शेंगदाणा, गव्हाचा हिंग, सगळे नावानिशी लिहा. यातले जे नियम मागत नाही, तेही लिहा. त्याला शाईखेरीज काही लागत नाही. आणि खाणाऱ्यांनो, आपला त्रास नेमका कोणता हे डॉक्टरांकडून एकदा पक्के करून घ्या, त्याची पाच-सात नावे पाठ करा आणि पैसे देण्यापूर्वी पाकीट उलटून वाचा.